कलेक्टर म्हणजे कोण? आणि कोणाला काय गोळा करायचा अधिकार आहे?



जानेफळ भागातल्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी मला विचारलं, “मॅडम, तो हप्त्यावाला भाऊ म्हणते, मी कलेक्शन ऑफिसर आहो, माह्याजवळ पावर आहे. तं हा अन् बुलढाण्याचा कलेक्टर एकाच खात्यातले हायेत काय?”

बाकीच्या बाया हसल्या. पण थोड्या वेळानं कळलं की हसणाऱ्यांपैकी निम्म्याजणींना तरी उत्तर माहीत नव्हतं, आणि त्या भाऊचा धाक सगळ्यांनाच वाटत होता. ज्याच्या नावात ‘कलेक्टर’ किंवा ‘कलेक्शन’ आलं तो सरकारी माणूस, त्याच्यासमोर काही बोलायचं नाही, असं आपल्या मनात बसलेलं आहे. म्हणून या अंकात हा एकच शब्द नीट समजून घेऊ. शब्द कळला की धाक बराच कमी होतो, आणि कोणाला काय विचारायचं तेही कळतं.

शब्दाची फोड

‘कलेक्ट’ म्हणजे गोळा करणं. त्याच्या शेवटी ‘टर’ लागलं की गोळा करणारा. इंग्रजीतलं हे ‘टर’ म्हणजे आपल्या मराठीतलं ‘-णारा’ समजा. असे शब्द आपण रोज बोलतो. ट्रॅक्टर म्हणजे मुळात ओढणारा. इन्स्पेक्टर म्हणजे तपासणारा. तसाच कलेक्टर म्हणजे गोळा करणारा. यात मोठेपणाचं काही नाही, नुसतं काम सांगितलेलं आहे.

मुळात हा शब्द लॅटिन या जुन्या भाषेतून आला. तिथं त्याचा अर्थ ‘वेचून एकत्र करणं’ असा होतो. म्हणजे शब्दाच्या हिशोबानं पाहिलं तर कपाशीच्या पाटीत उन्हातान्हात कापूस वेचणारी आपली ताई ही सुद्धा कलेक्टरच!

मराठीत आपण या कामाला एक शब्द वापरत नाही. कापूस वेचतो, सरपण गोळा करतो, पै-पै जमवतो, उधारी वसूल करतो. दुधाचं होतं संकलन. जुन्या वस्तू जपणाऱ्याला म्हणतात संग्राहक. इंग्रजीत या सगळ्यांना ‘कलेक्टर’ हा एकच शब्द चालतो. इथंच घोळ होतो. शब्द एक, पण माणसं वेगळी, त्यांचं काम वेगळं आणि अधिकार तर फारच वेगळे.

बायांसाठी अजून एक गंमत. आपल्याकडे पाटलाची बायको पाटलीण, मास्तरची बायको मास्तरीण. तशीच जुनी माणसं कलेक्टरच्या बायकोला कलेक्टरीणबाई म्हणायची. बाई स्वतः कलेक्टर असेल असं तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आता बाई स्वतः त्या खुर्चीवर बसते तेव्हा तिला ‘कलेक्टर’ किंवा ‘कलेक्टर मॅडम’च म्हणतात. शब्द तोच राहतो, कारण तो पदाचा आहे.

जिल्ह्याचा कलेक्टर काय गोळा करायचा?

नुसतं ‘कलेक्टर’ म्हटलं की आपल्याला जिल्हाधिकारीच आठवतात. “माही पोरगी कलेक्टर होईन” असं म्हणणाऱ्या मायच्या डोळ्यांपुढं लाल दिव्याची गाडी असते, मान असतो. पण हे नाव पडलं ते वसुलीवरून.

१७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालचा महसूल वसूल करण्याचा हक्क मिळाला. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्ज या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथल्या जिल्ह्यांवर इंग्रज कलेक्टर नेमले. त्यांचं पहिलं काम शेतसारा गोळा करणं. म्हणून नाव कलेक्टर. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा पुणे, अहमदनगर, खानदेश या भागांतही कलेक्टर आले.

आपला वऱ्हाड त्या वेळी निजामाकडे होता. १८५३ मध्ये तो कंपनीच्या ताब्यात गेला. पण गंमत अशी की इंग्रजांच्या काळात वऱ्हाडात जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाला डेप्युटी कमिशनर म्हणायचे. कर्नाटकात अजूनही हेच नाव चालतं. उत्तर प्रदेश, बिहारमध्ये डी.एम. म्हणतात. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आला. त्या कायद्यात जिल्ह्याचा महसूल प्रमुख म्हणून कलेक्टर, म्हणजे जिल्हाधिकारी, असं पद आहे.

वसुली मात्र आपल्या भागाला नवी नाही. अकबर बादशहाच्या काळात वऱ्हाड सुभ्याचे जे भाग पाडलेले होते, त्यांना ‘सरकार’ म्हणत, आणि आपलं मेहकर हे त्यातलं एक सरकार होतं. म्हणजे शेतातल्या पिकाचा वाटा मोजून घेणारी माणसं इथं चारशे वर्षांपूर्वीपासून आहेत. नावं बदलत गेली, काम तेच राहिलं.

आज जिल्हाधिकाऱ्यांचं काम फक्त वसुलीचं राहिलेलं नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांचा महसूल कारभार त्यांच्या हाताखाली चालतो. तेच जिल्हा दंडाधिकारी असतात आणि निवडणुकीचं कामही पाहतात. आपत्ती आली तर जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच. अतिवृष्टीत सोयाबीन गेलं तर पंचनाम्याचा आदेश याच यंत्रणेतून खाली येतो. म्हणजे जो अधिकारी घेण्यासाठी नेमला होता, त्याच्याकडे आज आपण मागायलाही जातो.

त्यांच्यापर्यंत जायचा रस्ताही आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, आणि बायांसाठी तिसऱ्या सोमवारी महिला लोकशाही दिन असतो. तिथं लेखी अर्ज देता येतो. जायच्या आधी तहसीलमध्ये किंवा आमच्याकडे तारीख विचारून घ्या, म्हणजे चक्कर वाया जाणार नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. एवढा मोठा अधिकारी असला तरी त्याच्या यंत्रणेला पावती द्यावीच लागते. शेतसारा घेणाऱ्यानं घेतल्या वेळीच लेखी पावती द्यायची असं महसूल कायद्यातच आहे. जे कलेक्टरच्या माणसाला चुकत नाही, ते बाकी कोणाला कसं चुकेल?

रोजच्या व्यवहारातले कलेक्टर

आता आपल्या आजूबाजूचे बाकीचे ‘गोळा करणारे’ बघू.

टीसी : शेगावला रेल्वेनं जाता-येता भेटतात. टीसी म्हणजे तिकीट कलेक्टर. पूर्वी स्टेशनाबाहेर पडताना दारात उभं राहून तो वापरलेली तिकिटं परत गोळा करायचा, म्हणून हे नाव. विनातिकीट सापडलं तर भाडं आणि वर दंड घ्यायचा त्याला अधिकार आहे. दंड कमीत कमी २५० रुपये. पण त्याची पावती तो देतो. पावती नसेल तर ते पैसे रेल्वेत जात नाहीत.

ग्रामपंचायतीची वसुली : घरपट्टी, पाणीपट्टी घ्यायला शिपाईदादा किंवा वसुली कर्मचारी येतात. आपल्या घराची आकारणी नमुना ८ मध्ये असते हे बहुतेकींना माहीत आहे. पैसे भरल्याची पावती नमुना १० ची मिळते. ती जपून ठेवा. निवडणुकीला उभं राहायचं झालं तर थकबाकी नसल्याचा पुरावा लागतो, तेव्हा हीच पावती कामी येते.

पिग्मीवाला : रोज दुकानादुकानांतून दहा-वीस-पन्नास रुपये घेणारा. ही पद्धत १९२८ मध्ये कर्नाटकातल्या उडुपीकडच्या एका बँकेनं सुरू केली, तीच पुढे सिंडिकेट बँक झाली. तेव्हा दोन आणेसुद्धा घेत. गरिबाच्या घरी जाऊन बचत घ्यायची, ही कल्पना चांगलीच होती. पण पिग्मीत पैसा आपला असतो, आणि तो माणूस आपले पैसे आपल्याच खात्यात नेऊन टाकणारा असतो. म्हणून मशीनची चिठ्ठी रोज घ्यायची, आणि महिन्यातून एकदा पतसंस्थेत जाऊन खात्यावरचा आकडा स्वतः बघून यायचा.

दूध संकलन : डेअरीवर दूध घातलं की लिटर, फॅट आणि दर लिहिलेली चिठ्ठी मिळते. ती सुद्धा पावतीच आहे. घरातला माणूस दूध घालायला जात असला तरी दहा दिवसांच्या चिठ्ठ्या बाईनं जुळवून बघाव्या.

या सगळ्यांना एक धागा आहे. यातला कोणीही स्वतःसाठी गोळा करत नाही. सरकारसाठी, रेल्वेसाठी, ग्रामपंचायतीसाठी, संस्थेसाठी करतो. कलेक्टर हा नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी वतीनं घेत असतो. म्हणून त्याला तीन गोष्टी विचारणं हा आपला हक्क आहे : कोणाच्या वतीनं घेता? कोणत्या अधिकारानं घेता? आणि पावती कुठे?

हप्तेवाला ‘कलेक्शन ऑफिसर’ : याला किती अधिकार?

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. नाही, तो भाऊ आणि बुलढाण्याचे कलेक्टर एका खात्यातले नाहीत. तो फायनान्स कंपनीचा किंवा बँकेचा नोकर असतो. ‘ऑफिसर’ हे नाव त्याला त्याच्या कंपनीनं दिलेलं आहे. त्याला सरकारी अधिकार काडीचाही नाही.

कर्ज घेतलं तर ते फेडायचंच, यात दुमत नाही. आपल्या गटाचा पायाच परतफेडीवर उभा आहे. पण फेडणं वेगळं आणि घाबरून राहणं वेगळं. बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या सूक्ष्म कर्जासाठी रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये नियम काढले, ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला बिनतारण दिलेलं कर्ज यात येतं. आपल्या कामाच्या गोष्टी अशा :

१. हप्ता घ्यायची जागा दोघांनी मिळून ठरवायची असते. ठरल्या जागी आपण लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आलो नाही, तरच कंपनीचा माणूस घरी किंवा कामाच्या ठिकाणी येऊ शकतो.

२. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. सारखे सारखे फोन करून हैराण करायचं नाही.

३. शिवीगाळ, धमकी, मारहाण चालत नाही. नातेवाईक, शेजारी, सोबत काम करणाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. थकबाकीदार म्हणून नाव चारचौघांत लावायचं नाही.

४. कर्ज किती राहिलं आणि नाही भरलं तर काय होईल, याबद्दल खोटं सांगून भीती घालायची नाही. “पोलीस घेऊन येतो, गॅस-भांडे उचलून नेतो” हे याच्यात येतं.

५. वसुलीसाठी एजंट पाठवला तर त्याच्याजवळ ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र पाहिजे.

६. आपल्याला समजेल अशा भाषेत लोन कार्ड मिळालं पाहिजे, आणि भरलेल्या प्रत्येक हप्त्याची नोंद त्यावर झाली पाहिजे.

७. कर्ज मुदतीआधी फेडलं तर त्याचा दंड नाही. उशीर झाला आणि दंड लावलाच, तर तो थकलेल्या रकमेवरच, सगळ्या कर्जावर नाही.

८. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. घरात महिन्याला १२,००० येत असतील, तर सगळे हप्ते मिळून ६,००० च्या आत पाहिजेत. हा हिशोब कर्ज देणाऱ्यानं करायचा असतो. पण सही करायच्या आधी आपणही करून बघावा.

“पोलीस नेतील काय?” हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. नुसता हप्ता थकला म्हणून कोणाला अटक होत नाही, तो दिवाणी व्यवहार आहे. दिलेला चेक परत गेला किंवा कर्ज घेतानाच फसवणूक केली, तर मात्र गुन्हा होऊ शकतो, म्हणून कोरे चेक सही करून देऊ नका. आणि हेही खरं की हप्ते थकले तर क्रेडिट रेकॉर्ड खराब होतं आणि पुढं बँकेचं कर्ज मिळणं अवघड जातं. म्हणून अडचण आली तर लपून बसू नका. कंपनीच्या शाखेत जाऊन लेखी सांगा आणि हप्ता बदलून मागा.

त्रास होत असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तिची पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे. कोणी दारात येऊन धमकी देत असेल, हात उगारत असेल, तर वाट बघायची नाही. ११२ ला फोन करा किंवा सरळ जानेफळ पोलीस स्टेशनला जा, आणि गटातल्या चौघी सोबत न्या.

गावातल्या सावकाराला मात्र रिझर्व्ह बँकेचे हे नियम नाहीत. त्याच्यासाठी राज्याचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे होते.

अजून एक प्रकार : जपण्यासाठी गोळा करणारे

सगळेच कलेक्टर पैसे घेणारे नसतात. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणी वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं ते उभं केलं. त्यांनी गोळा काय केलं, तर दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी. म्हणजे बायांच्या हातात रोज असलेल्या वस्तू, ज्यांना कोणी किंमत देत नव्हतं. पुढे हा सगळा संग्रह त्यांनी सरकारला देऊन टाकला.

आणि आपल्यासारख्याच शेतकरी बाई म्हणजे राहीबाई पोपेरे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या. त्यांनी गावरान बियाणं गोळा केलं. वाल, भात, भाजीपाला, जे जुनं वाण हरवत चाललं होतं ते शोधून जपलं, वाढवलं आणि दुसऱ्या शेतकऱ्यांना दिलं. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० साठी त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. ‘वेचून एकत्र करणं’ हा शब्दाचा जुना अर्थ यांच्या कामात बरोबर बसतो. वेचलं, राखलं आणि परत वाटलं.

तुमच्या गटाची कलेक्टर कोण?

आता शेवटचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्या गटात पैसे गोळा कोण करतं? सचिव? अध्यक्ष? का जी ताई मेहकरला जाणार असते ती? ती तुमच्या गटाची कलेक्टर. जे प्रश्न आपण हप्तेवाल्याला विचारतो, तेच तिलाही लागू होतात. यात तिच्यावर अविश्वास नाही, उलट तिची अब्रू राखायची आहे. दहाजणींचे पैसे पिशवीत घेऊन जाणाऱ्या बाईवर एक दिवस कोणी ना कोणी बोट दाखवतं. कागद नसेल तर खरं बोलूनही ती खोटी पडते. नोंद असेल तर तिला कोणापुढं शपथा घ्याव्या लागत नाहीत.

म्हणून एवढं पाळा :

पैसे बैठकीतच द्यायचे, सगळ्यांसमोर मोजायचे. “रस्त्यात भेटली तं देऊन टाकले” असं नको.

नोंद त्याच वेळी दोन जागी : आपल्या स्वतःच्या पासबुकात आणि गटाच्या वहीत.

बँकेत भरल्याची स्लिप वहीला चिकटवायची, आणि पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला बँकेच्या पासबुकातला आकडा मोठ्यानं वाचायचा.

पैसे घेऊन जाणारी एकटी नको, दोघी पाहिजेत, आणि दर वेळी त्याच दोघी नकोत.

फायनान्स कंपनीचा हप्ता ग्रुप लीडरच्या हाती देत असाल, तर आपल्या कार्डावर नोंद झाली का, हे त्याच दिवशी बघायचं. लीडरला पैसे दिले म्हणजे कंपनीला पोचले असं होत नाही. आपल्याच भागात एका ताईंनी तीन हप्ते असे हातात दिले, कार्डावर एकाचीही नोंद नव्हती, आणि वसुलीवाला आला तेव्हा दाखवायला जवळ काहीच नव्हतं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरात असतील ती सगळी कार्डं, पासबुकं आणि पावत्या पिशवीत घालून आणा. नवऱ्याच्या नावाचं कर्ज असेल तर त्याचं कार्डही आणा. आपण मिळून तीन प्रश्न लावून बघू : कोणाच्या वतीनं, कोणत्या अधिकारानं, पावती कुठे. ज्या कार्डावर नोंदी अपुऱ्या निघतील, त्याचा अर्ज तिथंच बसून लिहू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगठ्याची लाज धरू नका. लिहिणाऱ्या पोरी आता आपल्या प्रत्येक गटात आहेत.

– आपली क्षेत्र समन्वयक, जानेफळ